टपावरचा पेंढा

वैशाख सरत आला की तुळिंजच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दरवर्षी माणसं चढतात. भेगा खरवडतात, झाडलोट करतात आणि मग डांबर तापवतात. तो वास जिन्यातून उतरत घरात येतो. लेक घाईघाईने खिडक्या लावून घेते. "आई, नाकाला पदर लाव, डोकं दुखेल," म्हणते. मी पदर लावत नाही. उलट गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढून बसते. लोकांना मोगऱ्याच्या वासाने लग्नाचे दिवस आठवतात, मला डांबराच्या वासाने आठवतात. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून आजवर सांगितलं नव्हतं.

पावसाआधी घराची, सरपणाची, गुराढोरांची जी बेगमी करायची तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. लढाई संपून ब्रह्मदेशातली माणसं घरी परतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ती आगोट. मी नुकतीच लग्न होऊन निर्मळच्या बाजूच्या एका वाडीत आले होते. वाडी म्हणजे केळी, नागवेल, मधूनमधून नारळ आणि मधोमध विहीर. विहिरीवर रहाट. बैल फिरायला लागला की रहाटाची कुरकुर दिवसभर चाले आणि पाटातून पाणी पळे. घर कौलारू, ऐसपैस. आणि घराच्या मागे, फणसाच्या सावलीत, एक हिरवी मोटार उभी.

ती मोटार लष्कराची होती. जखमींना वाहून नेणारी. लढाई संपल्यावर अशा गाड्या मोडीत निघाल्या आणि मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. आमच्या ह्यांनी लष्करात अशीच गाडी चालवली होती. घरी येताना त्यांनी ही विकत घेतली आणि स्वतः चालवत वाडीत आणून उभी केली. आत दोन्ही बाजूंना फळ्या होत्या, एक छोटी खिडकी, मागे दुहेरी दार. ह्यांनी एका फळीवर गादी घातली, दुसरीवर कंदील, तांब्या, पुस्तकं ठेवली. स्वयंपाकघर सोडलं तर घरात जे जे लागतं ते सगळं त्यात होतं. गावात कुणी तिला बंगला म्हणे, कुणी आगगाडीचा डबा.

हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा लढाईहून आलाय, ड्रायव्हर आहे, शांत आहे, एवढंच कानावर आलं होतं. शांत म्हणजे किती, ते इथे आल्यावर कळलं. पहिल्याच दिवशी जेवणं झाली आणि हे वळकटी काखेत मारून मागच्या दाराने निघून गेले. मला वाटलं, मी आवडले नाही. सकाळी विहिरीवर सासूबाई माझ्याशेजारी कळशी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कमल, तुझ्यात काही उणं नाही. तो आमच्यातसुद्धा झोपत नाही. कौलाखाली आडवा झाला की त्याला घाम सुटतो. लग्न केलं की ताळ्यावर येईल असं वाटलं होतं."

एवढं बोलून त्यांनी कळशी भरली आणि गेल्या. घरात आम्ही आमची वाडवळी बोलायचो. ती कागदावर उतरवायला माझा हात वळत नाही, म्हणून इथली बोलणी मी शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. पण सासूबाईंच्या त्या वाक्यातला थकवा कुठल्याच भाषेत मला नीट लिहिता येणार नाही.

पुढे हळूहळू ह्यांच्याकडूनच कळलं. तिकडे एका गावात ह्यांची तुकडी एका मोठ्या कौलारू घरात उतरली होती. जागा अपुरी म्हणून हे गाडीत झोपले. पहाटे घरावर बॉम्ब पडला. हे गाडीतून उठून धावले तोवर घर नव्हतंच, कौलांचा ढीग होता. ह्यांनी ते सांगितलं तेव्हा आम्ही नागवेलीची पानं खुडत होतो. सांगताना हातातलं पान त्यांनी इतक्यांदा दुमडलं की त्याचा चोथा झाला. मला त्या वयात धीराचं बोलायला येत नव्हतं. मी संध्याकाळी माझी वळकटी उचलली आणि गाडीत नेऊन दुसऱ्या फळीवर पसरली. तांब्या आणि पुस्तकं खाली ठेवली.

गावाला बोलायला विषय मिळाला. नवी नवरी, आणि मोटारीत राहते! मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते फार लागलं. ते उंच, काळेसावळे, केळीच्या चिकाने हात कायमचे डागळलेले. बागाईतदार म्हणून त्यांना पंचक्रोशीत मान होता. ओरडण्यावाचून त्यांना बोलता येत नसे. बैलावर, गड्यावर, पावसावर, सगळ्यांवर सारखंच ओरडायचे. फक्त मुलाशी मात्र ते बोलायचेच नाहीत. जे सांगायचं ते मोठ्याने हवेत सांगायचे.

मेच्या शेवटी एका संध्याकाळी वळीव कोसळला. आम्ही दोघं गाडीत होतो. आधी ढगांचा गडगडाट, मग पत्र्यावर धाडधाड. हे उठून बसले. मग टपातून पाणी गळायला लागलं. आधी एका कोपऱ्यात, मग खिडकीवर, मग थेट गादीवर. मी तांब्या लावला, परात आणायला घराकडे पळाले. परत आले तर हे दार उघडून पायरीवर बसलेले, भिजत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, गादी भिजली म्हणून बसलेत. वळीव आला तसा गेला. पण मामंजींनी मागच्या दारातून सगळं पाहिलं होतं.

सकाळी त्यांनी फणसाखाली येऊन हवेत सांगितलं, "पाऊस सुरू झाला की हा तमाशा बंद. गाडी गळते. सून माझ्या घरची आहे, तिला मी चार महिने पाण्यात झोपू देणार नाही. घरात यायचं. नाही जमलं, तर ठाण्याला नेऊन दाखवायचं."

ठाण्याला दाखवायचं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे त्या काळी कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. मीच डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाले, "मामंजी, गाडी गळली नाही तर?"

नवी सून सासऱ्याला उलट विचारते, हे त्या घराने कधी पाहिलं नसावं. मामंजी माझ्याकडे वळले. मग पहिल्यांदाच हवेत नव्हे, माझ्याशी बोलले. "गळली नाही तर राहा. पण गळणार."

आणि आमची आगोट सुरू झाली. वाडीतल्या बायका पापड-कुरडया वाळत घालत होत्या, गडी कौलं चाळत होते, आणि आम्ही मोटारीच्या टपावर.

मदतीला इनास आला. इनास आमच्या शेजारच्या वाडीतला ख्रिस्ती गृहस्थ, ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. सुतारकाम करायचा, त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाद्य वाजवायचा, आणि सतत काहीतरी बडबडत असायचा. ह्यांच्या गप्प बसण्याला तो कंटाळला नाही हे त्याचे माझ्यावर मोठे उपकार. शिडी लावून तो टपावर चढला आणि वरून ह्यांना ओरडून म्हणाला, "वसंत, अरे वर तर जंगल आहे! नांगर धाडून दे!"

खरंच होतं ते. फणसाची पानं कुजून त्यांचा काळा थर झाला होता. पाखरांची विष्ठा, मुंग्यांची वारुळं, कोपऱ्यात पिंपळाचं इवलंसं रोप. मी काष्टा घट्ट खोचला आणि वर चढले. आधी खराट्याने झाडलं. मग धुण्याचा सोडा पाण्यात कालवून नारळाच्या सोडणाने घासायला सुरुवात केली. ऊन असं की पत्र्याला पाय टेकवत नसे, म्हणून गोणपाट ओलं करून त्यावर गुडघे टेकायचे. काळं पाणी खाली ओघळायचं आणि ह्यांच्या डोक्यावर पडायचं. हे खाली उभे राहून कळशा वर देत होते. एकदा असंच काळं पाणी ह्यांच्या तोंडावर सांडलं. मी घाबरून जीभ चावली. ह्यांनी तोंड पुसलं आणि हसले. त्यांच्या वरच्या दातांत एक फट होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. लग्नाला किती दिवस होऊन गेले होते, आणि मला ती फट माहीत नव्हती!

सोड्याने हिरवा रंग जागोजागी सुटला. इनासने कोयत्याच्या पाठीने तो खरवडला तसं खालून पांढरं वर्तुळ उगवलं, आणि त्यात लाल क्रूस. इनास मागे सरला. कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून म्हणाला, "जेजूबाळा! वहिनी, मी हिला लोखंड समजत होतो, हिचा बाप्तिस्मा झालेला आहे." आम्ही दोघं टपावर बसून हसलो. आमच्या हसण्याने मामंजी बागेतून बाहेर आले.

"काय चाललंय?"

"काका, वर येऊन बघा ना," इनास म्हणाला.

मामंजी वर आले ते गाडी कशी कुजलेली आहे हे आम्हाला दाखवायलाच, असं मला आजही वाटतं. शिडीवर उभं राहून त्यांनी पत्र्यावर हात फिरवला. सांध्यांतून बोट घातलं. "हे बघ, हे सगळं उघडं पडलंय. इथून पाणी जाणार. इथून जाणार." मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. तिथे पत्र्यात एक बूच होतं, लाकडाचं, सुपारीएवढं. बाजूचा पत्रा आतल्या बाजूला वळलेला. त्याच्यापुढे आणखी एक. आणि आणखी. तिरक्या रांगेत, क्रुसाच्या आरपार.

"हे काय?" मामंजींनी विचारलं.

खाली हे उभे होते. तेच म्हणाले, "गोळ्यांची भोकं आहेत. वरून विमान मारतं."

"दवाखान्याच्या गाडीवर?"

"हो."

"तू आत असताना?"

"ही माझी गाडी नव्हे, बाबा. माझी तिकडेच राहिली. पण तिलाही अशीच होती."

बापलेक समोरासमोर बोलले ते मी आल्यापासून हे पहिल्यांदाच. मामंजींनी बोट त्या बुचावरून काढलं नाही. पुढचं बूच चाचपलं, त्याच्या पुढचं चाचपलं, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसं. मग शिडी उतरले आणि बागेत निघून गेले. थोड्या वेळाने बागेतून गड्यावर ओरडण्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही.

राळ आणि मोरी माशाचं तेल आणायला मी समुद्रकाठच्या कळंबला गेले. सोबत सासूबाई होत्या. मी न बोलवताच त्या निघाल्या होत्या. किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतल्या होत्या, माणसं त्यांच्या फटींत कापूस ठोकत होती. दर्याला तेव्हाच गढूळ रंग आला होता. सासूबाईंच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने आम्हाला मडक्यात राळ दिली, कशी उकळायची ते सांगितलं. कशाला लावता म्हणून त्याने विचारलं.

"मुलगा मोटारीत राहतो," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "तिच्या टपाला."

मला वाटलं, म्हातारा हसेल. तो म्हणाला, "मंग बरा हाय. माजा जलम होडीन गेला. फटी नीट भर बाय, पानी बारीक फटीतशीच शिरते."

परतताना सुरूच्या झाडांखालच्या वाळूत सासूबाई जरा टेकल्या. चपला काढून पाय वाळूत खुपसले आणि म्हणाल्या, "तो म्हातारा हसला नाही गं." घरापर्यंत मग त्या माझ्याशी अखंड बोलत होत्या. ह्यांच्या लहानपणाच्या खोड्या, त्यांच्या माहेरची विहीर, कुणाकुणाची लग्नं. इतके दिवस साठवून ठेवलेलं सगळं बोलणं त्यांनी त्या वाटेवर मोकळं केलं.

राळ उकळली की तिचा वास घशात बसतो. त्यात तेल आणि चुना. ह्यांनी टपावरची जुनी बुचं काढली, भोकांच्या कडा हातोडीने सारख्या केल्या, कापडाच्या चिंध्या राळेत बुडवून ठोकल्या. पत्र्याचे सांधे इनासने भरले. मग सगळ्यावर डांबर. ह्यांचे हात यंत्रासारखे नेमके चालत होते. गप्प माणूस कामात असला की त्याचं गप्प असणं डोळ्यांवर येत नाही, हे मी तेव्हा शिकले.

डांबर वाळलं. पाणी ओतून बघायचं ठरलं. घरातली, इनासच्या घरची, झाडून सगळी माणसं जमली. हे आत जाऊन बसले, कुठे थेंब येतो का पाहायला. इनास टपावर. आम्ही बायकांनी विहिरीपासून रांग धरली आणि कळशी हातोहात वर जाऊ लागली. इनास वरून पाणी उंच धरून सोडत होता, पाऊस पडावा तसं. "वसंत, गळतं का रे?" तो ओरडे. आतून आवाज येई, "नाही." पुन्हा कळशी. "गळतं का?" "नाही." मग एकदा उत्तर आलंच नाही.

मागचं दार उघडलं. हे उतरले. चेहरा पांढरा, ओठ घट्ट. आमच्या कुणाकडे न पाहता नागवेलीच्या मांडवात चालत गेले. मी आत शिरून पाहिलं. फळी कोरडी, गादी कोरडी, कोपरे कोरडे. एक थेंब नाही. आणि मी गाडीत उभी असताना वरून इनासने, त्याला काही कळलं नव्हतं, उरलेली कळशी पत्र्यावर रिकामी केली. धाडधाडधाड. तेव्हा मला कळलं. वळवाच्या दिवशी पायरीवर हात मांड्यांखाली दाबून ते का बसले होते, ते कळलं. गळणं हे आमचं दुखणं होतं. ह्यांचं दुखणं आवाज हे होतं.

मांडवात जाऊन मी त्यांच्याजवळ बसले. "पाऊस आणि त्या गोळ्या, सारखंच वाजतं का?" मी विचारलं.

त्यांनी होय म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "कमल, तू घरात जा. कोरड्यात राहा. बाबा म्हणतात तसं ठाण्याला जाऊन येतो मी."

असं ते इतक्या साधेपणाने म्हणाले, बाजारात जाऊन येतो म्हणावं तसं. मला रडू आलं नाही. राग आला. पावसाचा राग आला.

पावसाचे आवाज मी तोवर कधी वेगवेगळे ऐकले नव्हते. त्या दिवशी बसून आठवत गेले. कौलावर तो बुडबुड बोलतो. केळीच्या पानावर टपटपतो, आणि पान फाटकं असेल तर फडफडतो. विहिरीत पडताना किणकिणतो. पत्र्यावर त्याच्याइतका दुष्ट कुणी नाही. आणि मग आठवलं, माहेरी गोठ्यावर पेंढ्याचं छप्पर होतं. लहानपणी पावसात मी वासराजवळ जाऊन बसायची. बाहेर धारा दिसायच्या, आत मात्र फक्त गाईचं रवंथ ऐकू यायचं. पेंढ्यावर पाऊस वाजतच नाही. तो पडतो आणि मुरतो.

मी उठून सरळ मामंजींकडे गेले. ते रहाटाजवळ बैलाचा कासरा धरून उभे होते. बैल थांबलेला, तेही थांबलेले. मी सांगितलं. आवाजाचं सांगितलं, गोठ्याचं सांगितलं, आणि पेंढा मागितला. जूनच्या तोंडावर बागाईतदाराकडे पेंढा मागणं म्हणजे काय ते मला कळत होतं. गुरांचा पावसाळ्याचा घास तो.

सासूबाई मागून आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "अहो, गुरांना मग काय घालाल?"

मामंजींनी कासरा खुंटाला बांधला. "केळीचे खांब चिरून घालीन," ते म्हणाले. "गवत येईपर्यंत खातील." आणि मग कितीतरी दिवसांनी ते आपल्या जुन्या आवाजात ओरडले, की सगळी वाडी हलली. "इनास! शिडी काढू नको! गोण्या आण, जेवढ्या असतील तेवढ्या!"

तो दिवस मला अजून सोन्याचा वाटतो. आधी डांबराच्या नव्या थरावर गोणपाटं चिकटवली. त्यावर पेंढा, जाड, दाबून. मामंजी स्वतः टपावर बसले होते, धोतर गुडघ्यांवर खोचून, आणि पेंढ्या लावत होते. खालून हे एकेक पेंढी वर फेकत होते. मामंजी झेलत होते. "जरा डावीकडे टाक." "आता जाड टाक." "वसंता, दम खा." एवढंच बोलणं, पण दिवसभर चाललं. सासूबाई आणि मी अंगणात झावळ्या विणत होतो. संध्याकाळी झावळ्यांची झापं पेंढ्यावर घातली आणि काथ्याच्या दोरीने गाडीच्या चारी बाजूंनी आवळली. इनासने लांब जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "इंग्रजांनी ही गाडी पाहिली तर पुन्हा लढाई पुकारतील." मामंजी इतके मोठ्याने हसले की बैल दचकला.

गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून ती शाकारलेली मोटार बघायला येत. कुणी काही बोललं तर मामंजी ओटीवरून विचारत, "का? तुमच्या टपाला पण घालू का?"

पुढचं सगळं सांगत बसत नाही. आम्ही त्या गाडीत बरीच वर्षं काढली. दरवर्षी आगोटीला टप झाडायचा, सांधे बघायचे, पेंढा बदलायचा. आमची थोरली त्याच गाडीत रांगली. मग कधीतरी हे ओटीवर झोपायला लागले, कधीतरी माजघराच्या दाराशी, आणि एका थंडीत, कुणी काही न बोलता, आत. ब्रह्मदेश त्यांच्यातून पूर्ण कधी गेला नाही. फटाके वाजले की ते बागेत निघून जात. पण पावसाचं आणि त्यांचं भांडण मिटलं. म्हातारपणी तर पाऊस पडायला लागला की ते मला हाका मारून बोलवायचे, "कमल, ऐक, केळीवर पडतोय."

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच पहिल्या आषाढातलं आहे. मृगात पाऊस जरा लाजतलाजत येऊन गेला होता. आषाढात तो खरा लागला. सकाळपासून अशी संततधार की विहिरीचा काठ दिसेना, पाट आणि वाट एक झाली. दुपारी जेवणं आटोपल्यावर हे उठले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोक्यावर पोतं घेऊन मागच्या दाराने गाडीकडे गेले. मी गेले नाही. सासूबाईंनी हात धरून मला बसवलं. "जाऊ दे, त्याचं त्याला बघू दे." आम्ही दोघी चुलीजवळ बसलो आणि मिरच्यांची देठं खुडत राहिलो. कौलांवर पाऊस इतका मोठा होता की शेजारी बसूनही एकमेकींचं ऐकू येत नव्हतं. माझं सगळं लक्ष मागच्या दाराकडे. आता ते येतील, पांढऱ्या चेहऱ्याने, आता येतील. मिरच्या संपल्या. कुणी आलं नाही.

शेवटी मला राहवेना. इरलं डोक्यावर घेतलं आणि फणसाखाली गेले.

गाडीजवळ मामंजी उभे होते. इरलं नाही, काही नाही. धोतर अंगाला चिकटलेलं, मिशांवरून पाणी ओघळतंय. गाडीच्या बाजूला कान लावून ते उभे होते, आणि किती वेळ उभे होते कोण जाणे, पावलं चिखलात घोट्यापर्यंत रुतली होती. मला पाहिल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ गेले. पेंढ्यावर पाऊस पडत होता आणि मुरत होता. आतून घोरण्याचा आवाज येत होता, संथ, जड, काही ठाऊक नसलेल्या पोरासारखा.

तेवढ्यात बागेतून गडी काहीतरी विचारत ओरडत आला. बांध फुटल्याचं सांगत होता बहुतेक. मामंजींनी वळून त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर ज्यांनी आवाज चढवल्याशिवाय शब्द काढला नव्हता, ते माझे सासरे धो धो पावसात, अगदी हळू, मला सुद्धा जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"ओरडू नको रे. माझा पोरगा झोपलाय."